संजाणचा मठ आणि चिंचणीचे तांबे

१९५५ साली चिंचणीच्या एका शेतात नांगराच्या फाळाला तांबे लागले. माती बाजूला झाली तेव्हा हाती आले नऊ पत्रे, बारीक कोरीव अक्षरांनी भरलेले. मातीतून निघालेले तांबे बहुधा मोडीच्या काट्यावर जाते. हे गेले नाही, ते जाणकारांपर्यंत पोचले. थोर पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ३२व्या खंडात छापले. नऊ पत्र्यांवर मिळून पाच सनदा होत्या. पहिली इसवी सन ९२६ ची, शेवटची १०५३ ची. सव्वाशे वर्षांचा कारभार, आणि तोही एकाच मठाचा.

मी उमरोळीचा. आमच्याकडून चिंचणी लांब नाही. बोईसरला उतरायचे, तारापूरच्या बाजूची एसटी किंवा रिक्षा धरायची, पाऊण तासात समुद्र दिसतो. लहानपणापासून चिंचणी म्हणजे आमच्यासाठी किनारा, सुरूची झाडे आणि रविवारची गर्दी. शाळेत राष्ट्रकूट शिकलो ते वेरूळच्या कैलासापुरते. त्याच राष्ट्रकूट सम्राटांच्या नावाच्या सनदा आपल्या शेजारच्या गावच्या चिखलात हजार वर्षे पडून होत्या, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तेव्हापासून या मठाने मला सोडलेले नाही.

मठ चिंचणीत नव्हता. तो होता संजाणला, चिंचणीच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर. आज संजाण गुजरातेत, वलसाड जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात आहे, म्हणून आपण ते परके धरतो. पण १ मे १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. पत्रे सापडले तेव्हा चिंचणी आणि संजाण यांचा जिल्हा एकच होता. हजार वर्षांपूर्वी तर सगळा मुलूखच ‘संयान मंडळ’ म्हणून ओळखला जाई. संयान हेच संजाण. आमची आजची डहाणू, घोलवड, उंबरगाव, संजाण ही गाडीची वाट जवळजवळ त्या मंडळातूनच जाते.

त्या संजाणला बंदर होते. वरोळी नदीच्या मुखाशी गलबते लागत. अरब लेखकांच्या पुस्तकांत ‘सिंदान’ नावाच्या बंदराचा उल्लेख येतो, अनेक अभ्यासक ते संजाणच मानतात. २००२ ते २००४ या काळात संजाण बंदराच्या परिसरात उत्खनन झाले. त्यात पश्चिम आशियातली निळसर चकाकीची मातीची भांडी, चिनी भांड्यांचे तुकडे आणि काच सापडली. इराणी आखातातून आणि चीनकडून माल येत होता, उतरत होता, फुटतही होता. फुटलेल्या भांड्यांनीच आज आपल्याला त्या बाजाराची खात्री पटते.

९२६ साली या संयान मंडळाचा कारभारी कोण होता, हे पहिला ताम्रपट सांगतो, आणि तिथे वाचणारा थबकतो. त्याचे नाव मधुमति. सहियारहार याचा मुलगा, ताजिक कुळातला. ताजिक म्हणजे अरब. मधुमति म्हणजे मुहम्मद, संस्कृत लेखनिकाच्या कानाने ऐकलेला आणि हाताने लिहिलेला. सहियारहार हे शहरियार असावे. त्याचे दुसरे नाव सुगतिप. राष्ट्रकूट सम्राट दुसरा कृष्ण याने त्याला संयान मंडळ दिले होते, आणि कृष्णानंतर तिसरा इंद्र गादीवर आला तरी तो त्या पदावर होता. आजूबाजूच्या बंदरांच्या प्रमुखांना जिंकून त्याने तिथे आपली माणसे बसवली, असे पट म्हणतो. म्हणजे हा नुसता व्यापारी नव्हता. सम्राटाच्या वतीने आमचा किनारा ताब्यात ठेवणारा अधिकारी होता.

पण पटातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट लढाईची नाही. या मुहम्मदाने दोन नद्यांवर तरीची सोय केली. आणि संजाणला एक अन्नसत्र उघडले, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आमच्या खाडीकाठच्या माणसाला नदीवरच्या तरीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वैतरणेवर पूल झाले, रेल्वे आली, म्हणून आपण ते विसरलो. भरतीच्या वेळी अडकलेला वाटसरू, अंगावर मीठ वाळलेले, पोटात काही नाही, आणि पलीकडे उतरल्यावर कोणी तरी भातावर तूप वाढतो आहे. ज्याने ही सोय केली त्याचे नाव एका संस्कृत सनदेत सन्मानाने कोरले गेले, यात नवल ते काय.

आता मठाकडे येऊ. अन्नैय नावाचा एक ब्राह्मण संजाणला राहत होता. त्याने तिथे एक मठिका बांधली. मठिका म्हणजे लहान मठ. मठ बांधणे एकवेळ सोपे, चालवणे कठीण. छप्पर गळते, भिंत खचते, देवीला नैवेद्य लागतो, आत राहणाऱ्यांना रोज दोन वेळ जेवायला लागते. यासाठी मधुमतीने इंद्राच्या संमतीने कणाडुक नावाचे गाव आणि देवीहार गावातली काही जमीन मठाला दिली. सनदेत खर्चाच्या बाबी स्पष्ट आहेत: मोडतोडीची दुरुस्ती, दशमी देवीचा नैवेद्य आणि संजाणच्या पंचगौडीय महापर्षदेतल्या, म्हणजे विद्वत्सभेतल्या, नऊ माणसांचे जेवण.

नऊ माणसे. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचतो. राजांच्या स्तुतीचे भारी भारी श्लोक, चंद्रवंशापासूनची वंशावळ, समुद्राला गवसणी घालणारी विशेषणे, आणि या सगळ्याच्या शेवटी येते ते नऊ जणांचे ताट. पंचगौडीय म्हणजे उत्तरेकडचे ब्राह्मण. पुढे रूढ झालेल्या यादीप्रमाणे सारस्वत, कान्यकुब्ज, गौड, मैथिल आणि उत्कल. म्हणजे मठात वेद घोकणारी माणसेही बाहेरून आलेली, मठाला गाव देणारा कारभारीही बाहेरून आलेल्या कुळातला, आणि सम्राट दूर मान्यखेटच्या राजधानीतला. कोकणाच्या टोकाच्या एका बंदरात हे सगळे जमले होते. दुसऱ्याच्या देवीच्या नैवेद्यासाठी गाव तोडून देताना मुहम्मदाला अडचण वाटली नाही, आणि ते घेताना अन्नैयालाही वाटली नाही. सनदेत याबद्दल खुलासा करणारा शब्दही नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

याच सुमाराला, ९१० साली, फ्रान्समध्ये क्लुनी नावाच्या गावी बेनेडिक्टपंथी ख्रिस्ती संन्याशांचा मठ उभा राहिला. अक्विटेनचा सरदार विल्यम याने त्यासाठी जमीन तोडून दिली. संजाणच्या सनदेआधी फक्त १६ वर्षे. दोन्हीकडे रचना तीच: सत्ताधाऱ्याने जमिनीचे उत्पन्न लावून द्यायचे, आत राहणाऱ्यांनी प्रार्थना आणि अभ्यास करायचा. क्लुनी वाढत वाढत युरोपातल्या शेकडो मठांचे मूळपीठ झाले. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९० साली ते बंद झाले आणि त्याच्या प्रचंड चर्चचे दगड पुढे इमारतींसाठी विकले गेले. त्याचा बंद होण्याचा दिवस, हुकूम, हुकूम काढणारी सभा, सगळे कागदावर आहे. आपल्या मठाचे तसे नाही. तो कमी कमी होत गेला, आणि ते कमी होणे आपल्याला फक्त सनदांच्या विषयांवरून कळते.

दुसरी सनद तिसऱ्या कृष्णाच्या काळातली, म्हणजे ९३९ ते ९६७ च्या दरम्यानची. इथे मठाचे नाव ‘कौतुक मठिका’ असे येते आणि देवी भगवती म्हणून. पाचही सनदा एकत्र सापडल्या, त्यामुळे हे एकाच संस्थेचे दप्तर मानले जाते. या वेळचा विषय दान नाही, तंटा आहे. राजस्थानातल्या भिल्लमाळहून, म्हणजे आजच्या भीनमाळहून, संजाणला आलेल्या व्यापाऱ्यांनी मधुसूदनाचे देऊळ बांधले होते. देवाला ते प्रेमाने भिल्लमाळदेव म्हणत. गाव सोडले तरी गावाचे नाव देवाला चिकटवून ठेवायची ही रीत आपल्या ओळखीची आहे. या देवाची काही जमीन आणि मठाची जागा एकमेकांत अडकली. शेवटी तोड निघाली ती अशी: जमीन मठाकडे राहावी, आणि त्याबदल्यात मठाने देवाला दर वर्षी ४० द्रम्म द्यावेत.

द्रम्म हे त्या काळचे चांदीचे नाणे. ४० द्रम्म किती, याचा अंदाज यावा म्हणून बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यातला एक शिलालेख आठवतो. शके ७६५, म्हणजे इसवी सन ८४३. शिलाहार पुल्लशक्तीच्या अमात्याने तिथल्या बौद्ध विहाराला दान दिले, त्याची फोड अशी: २० द्रम्म बुद्धाच्या पूजेला, ३ विहाराच्या डागडुजीला, ५ भिक्खूंच्या वस्त्रांना आणि १ द्रम्म पुस्तकांसाठी. एका थोर विहारासाठी मुद्दाम कोरून ठेवावे असे सगळे दान २९ द्रम्मांचे. दोन लेखांत शंभर-सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, एक एकरकमी ठेव आणि दुसरा सालिना भरणा, म्हणून तराजूत घालून तोलता येणार नाही. पण ४० द्रम्म दर वर्षी, कायमचे, हा लहान मठाला जाणवणारा बोजा होता, एवढे म्हणायला हरकत नाही. पहिल्या सनदेत मठ घेणारा आहे. चाळीसेक वर्षांच्या आत तो देणेकरी झाला.

तरीही हा पडता काळ नव्हता. तंटा जमिनीचा होतो, कारण जमिनीला किंमत असते. संजाणची पेठ तेव्हा भरात होती. शेजारी शेजारी दोन देवस्थाने, एक उत्तरेच्या विद्वानांचे, एक मारवाडच्या व्यापाऱ्यांचे, आणि दोघेही लेखी तडजोड करतात, ती तांब्यावर कोरून ठेवतात. भांडणाचा निकाल असा जपून ठेवणारी माणसे पुढच्या पिढीचा विचार करणारी असतात.

मग राष्ट्रकूटच गेले. ९७२ साली माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले, पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने गादी घेतली. उत्तर कोकण ठाण्याच्या शिलाहारांच्या हाती आले. दूरच्या सम्राटाच्या जागी जवळचा राजा आला.

तिसरी सनद शके ९५६ ची, म्हणजे १०३४ ची. ठाण्याला शिलाहार छित्तराज राज्य करत होता आणि त्याच्या वतीने संजाण सांभाळत होता चामुंडराज. त्याने कौतुक मठिकेला एक घाणा दिला. तेलाचा घाणा. कशासाठी? भगवतीपुढे दिवा लावण्यासाठी, आणि मठातल्या स्वाध्यायिकांच्या व आल्यागेल्याच्या पायांना लावायला तेल मिळावे म्हणून.

आमच्या घरी आजोबा रात्री तळपायाला खोबरेल चोळून घेत. दिवसभर खाजणात नाही तर भाताच्या खाचरात उभे राहिलेल्या माणसाचे पाय कसे भेगाळतात, ते ज्याने पाहिले आहे त्याला या सनदेचा अर्थ लगेच कळतो. पायी चालत आलेला अतिथी, ओसरीवर बसलेला, आणि कोणी तरी वाटीभर तेल पुढे करतो. राजाच्या सनदेत इतकी लहान, इतकी अंगाजवळची गोष्ट लिहिली जाते. पण हिशेबाच्या नजरेने पाहिले तर ९२६ साली अख्खे गाव मिळाले होते आणि १०३४ साली मिळतो आहे तो एक घाणा. नऊ जणांच्या भातापासून आपण दिव्याच्या तेलापर्यंत आलो.

या तिसऱ्या सनदेत संजाणच्या मातबर माणसांची नावेही आहेत, ज्यांच्या समक्ष हे दान झाले. त्यांत अल्लिय, महर आणि मधुमत अशी नावे भेटतात. अली, मिहर, मुहम्मद. शंभर वर्षांपूर्वीचा कारभारी मधुमति जाऊन त्याची हाडे माती झाली होती, पण शहराच्या प्रमुखांत अजून मुहम्मद नावाचा माणूस बसत होता. शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘हंयमन’ किंवा ‘हंजमन’ असाही एक शब्द येतो. अनेक अभ्यासक त्याचा संबंध पारशांच्या अंजुमनशी, म्हणजे त्यांच्या समाजसभेशी, लावतात. त्याच सुमाराला, १००९ आणि १०२१ साली, पारशी मंडळींनी कान्हेरीला जाऊन आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली, ती आजही तिथे आहेत. म्हणजे मठाच्या घाण्याला साक्षीदार म्हणून हिंदू व्यापारी, मुसलमान आणि बहुधा पारशीही हजर होते. हे चित्र कोणा आजच्या उदारमतवाद्याने रंगवलेले नाही. एका तेलाच्या घाण्याच्या कारभारातून ते सहज पुढे आले आहे, म्हणून त्यावर माझा पूर्ण विश्वास बसतो.

चौथी आणि पाचवी सनद शके ९६९ आणि ९७५ ची, १०४८ आणि १०५३ ची. आता संजाणला मोढ घराण्यातला विज्जल आहे आणि तो स्वतःला महामंडलेश्वर म्हणवतो. सहा वर्षांत एकाच मठाला दोनदा सनद द्यावी लागली. हे मठाच्या भरभराटीचे लक्षण मला वाटत नाही. जुन्या उत्पन्नाची हमी कमी पडते, तेव्हाच माणूस नव्या धन्याकडे पुन्हा पुन्हा जातो. गावकीचा किंवा देवस्थानाचा कागद ज्याने कधी तलाठ्याकडे, कधी मामलेदाराकडे खेपा घालून नवा करून घेतला आहे, त्याला हे सांगायला नको.

१०५३ नंतर मठाचा पत्रा नाही.

पुढची दोनशे वर्षे या किनाऱ्याला स्वस्थता नव्हती. शिलाहारांत भाऊबंदकी पेटली. शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव स्वतःच सांगतो, की दायादांच्या वैरामुळे आलेल्या आपत्तीत परक्यांनी कोकण उद्ध्वस्त केले, देवब्राह्मणांना छळले, आणि आपण त्यांना तलवारीच्या धारेत बुडवले. ही राजाची बढाई असेल, पण मुलूख उद्ध्वस्त झाल्याची कबुलीही त्यातच आहे. पुढे गुजरातच्या कुमारपाळाच्या सेनापतीने शिलाहार मल्लिकार्जुनाला मारले. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाशी झालेल्या आरमारी लढाईत शेवटचा सोमेश्वर बुडाला आणि शिलाहार राज्य संपले. गुजरात आणि ठाणे यांच्या मध्ये सापडलेल्या संजाणचे या ओढाताणीत काय झाले असेल, ते नकाशा पाहिला तरी कळते.

मठाला लागत होते ते फार नव्हते. नऊ ताटे, एक दिवा, वाटीभर तेल आणि पावसाळ्याआधी छपराची डागडुजी. पण हे सगळे येत होते बंदरातून. गलबत लागले की जकात येते, जकात आली की कारभारी उदार होतो, व्यापारी श्रीमंत झाला की देऊळ बांधतो, आणि माणसांची वर्दळ असली की घाणा फिरतो. मठाच्या सनदांत समुद्राचे नाव फारसे नाही, तरी तो मठ समुद्रावर जगत होता. संजाणच्या उत्खननातली भांडी आठव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंतची कहाणी सांगतात, त्यानंतर वस्ती विरळ होते. मठ मारायला तलवारीची गरज नव्हती. बंदर ओस पडले की पुरे होते.

त्या काळच्या दानपत्रांत आचंद्रार्क हा शब्द असतो. चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावे. आणि शेवटी शाप असतो, की जो हे दान हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. हे शाप राजासाठी आहेत, शेजारच्या जमीनदारासाठी आहेत. गाळाने भरत जाणाऱ्या खाडीला शाप देता येत नाही.

संजाणचीच एक दुसरी संस्था मात्र जगली, आणि ती कशी जगली हे पाहिल्याशिवाय या मठाची गोष्ट पुरी होत नाही. इराणहून आलेल्या पारशांनी संजाणला पवित्र अग्नी प्रस्थापित केला होता, इराणशाह. १५९९-१६०० च्या सुमारास बहमन कैकोबाद याने लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये तो इतिहास आहे. पंधराव्या शतकात एका सुलतानाच्या फौजेने संजाण पाडले तेव्हा पारशांनी तो अग्नी उचलला आणि बोर्डीजवळच्या बारडाच्या डोंगरावर, बहरोटच्या गुहेत नेला. परंपरा सांगते की बारा वर्षे तो तिथे जपला. बहरोट आमच्या पालघर जिल्ह्यातच आहे, डहाणू तालुक्यात. तिथून अग्नी वांसद्याला गेला, मग नवसारीला, आणि १७४२ पासून तो उदवाड्याला आहे. आजही तेवतो आहे.

त्या गुहेच्या चढणीवर मी एकदा गेलो होतो. ऑक्टोबरचे ऊन, वाळायला लागलेले गवत, खाली चिकूच्या वाड्या आणि पलीकडे समुद्राची पट्टी. वर पोचेपर्यंत दोनदा बसावे लागले. पेटता अग्नी घेऊन, विझू न देता, पावसाळ्याच्या वाऱ्यातून हा चढ कोणी तरी चढले होते. विझला असता तर हा डोंगर नुसता डोंगर राहिला असता. पारशांकडे अग्नी होता आणि तो कडेवर घेऊन फिरणारी माणसे होती. मठाकडे काय होते? देवी, नऊ पंडित आणि गावांची कागदपत्रे. देवी हलवता येते, पंडित दुसरीकडे जातात. पण गावाचे उत्पन्न उचलून नेता येत नाही. त्याची सनद तेवढी नेता येते.

आणि ती कोणी तरी नेली. संजाणची सनद चिंचणीच्या शेतात आपोआप येत नाही. माझी समजूत अशी, की मठ मोडल्यावर त्याच्या शेवटच्या माणसांपैकी कोणी तरी हे नऊ पत्रे घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला आला. कणाडुक गाव हातातून गेले होते, घाणा बंद पडला होता, भिल्लमाळदेवाला द्यायचे ४० द्रम्म मागणाराही उरला नसेल. तरी त्याने तांबे वितळवले नाही. तेव्हाही तांब्याला भाव होता. भांडे झाले असते, उपाशी माणसाचे चार दिवस निघाले असते. त्याने ते जपले, कारण कधी तरी राजा न्याय देईल, सनद दाखवावी लागेल, असे त्याला वाटत असणार. शेवटी ते पत्रे जमिनीत गेले. हा निनावी माणूस माझ्या लेखी अन्नैयाइतकाच मोठा आहे. एकाने मठ उभा केला, दुसऱ्याने तो नाहीसा होऊ दिला नाही.

संजाणला आज उतरलात तर पारशांचा १९२० सालचा उंच दगडी स्तंभ दिसतो. आमचे पारशी बांधव तिथे येतात, डोके टेकवतात, मुलांना गोष्ट सांगतात. मधुमतीच्या तरीची, अन्नैयाच्या मठाची किंवा चामुंडराजाच्या घाण्याची एकही पाटी मला तिथे दिसली नाही. चिंचणीतही दिसली नाही. नाक्यावर एका वयस्क काकांना विचारले, “काका, इथे ताम्रपट सापडले होते, ते शेत कोणते?” ते बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, “असं काही सापडलं होतं? आम्हाला कोणी सांगितलंच नाही.” त्यांच्या आवाजात तक्रार होती आणि ती रास्त होती. आम्ही पालघरकर आता वेगळा जिल्हा आहोत, १ ऑगस्ट २०१४ पासून. आमच्या शाळांत हे नऊ पत्रे शिकवले गेले पाहिजेत. मुलांना मुहम्मद नावाच्या कारभाऱ्याचे अन्नसत्र आणि एका लहान मठाची नऊ ताटे ठाऊक असली पाहिजेत. ती दुसऱ्या कोणाची नाहीत, आमच्या घरची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. आपल्या पट्ट्यात सध्या जमीन उकरली जाते आहे तशी पूर्वी कधी उकरली गेली नाही. बुलेट ट्रेनचे खांब, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, विरार ते डहाणू नवे रूळ, वाढवणचे बंदर, आणि गावोगावच्या चाळी-इमारतींचे पाये. नांगराचा फाळ निदान एकदा अडखळतो, जेसीबी अडखळत नाही. म्हणून उमरोळीपासून डहाणूपर्यंतच्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. पाया खणताना, विहीर उपसताना, शेत सपाट करताना अक्षरे असलेला दगड किंवा पत्रा लागला तर काम थोडे थांबवा. तांबे चिंचेने घासू नका, ब्रशने उजळू नका, कोणाला दाखवायला तुकडा तोडू नका, आणि भंगारवाल्याच्या काट्यावर तर मुळीच ठेवू नका. जागा नीट लक्षात ठेवा, फोटो काढा आणि तहसीलदार कार्यालयात कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे आपल्यावर बंधनकारक आहे.